न दिलेल्या नकाराबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
आपत्कालीन रुग्णसेवा, तक्रार व दायित्व निश्चिती शाखा,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : रुग्णवाहिकेवरील पॅरामेडिक बाईंविरुद्धचे प्रकरण ‘रुग्णानेच नकार दिला’ असे लिहून बंद करू नये, याबाबत.

संदर्भ : १) माझ्या पतीने केलेली तक्रार. २) पॅरामेडिक बाईंचा खुलासा. ३) आपल्या कार्यालयाचा समजोत्याचा मसुदा, जो माझ्या सहीसाठी असूनही माझ्या हातात सर्वांत शेवटी पडला.

महोदय,

१. वरील प्रकरणातील रुग्ण ती मी. मसुद्यात माझा उल्लेख एकदा ‘सदर गर्भवती महिला’, एकदा ‘तक्रारदाराची पत्नी’ आणि एकदा नुसताच ‘पेशंट’ असा आला आहे. पहिल्यांदा वाचताना मला या तीन वेगळ्या बायका वाटल्या. यांपैकी एकीने रुग्णवाहिकेतून जायला नकार दिला, म्हणून उपचारांना उशीर झाला, त्यात कुणाचाही दोष नाही आणि दोन्ही पक्षांची आता एकमेकांविरुद्ध काही तक्रार नाही, असा मसुद्याचा आशय आहे. खाली माझ्या सहीची जागा सोडली आहे. उद्याच्या सुनावणीत हा कागद दाखल होऊन प्रकरण कायमचे बंद होणार असल्याचे समजते. मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. का करणार नाही, ते सांगण्यासाठी हा अर्ज करीत आहे.

२. सदर कागद मला कसा मिळाला, तेही नमूद करणे आवश्यक आहे. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत असताना पतीने तो ओट्यावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “इथे एक सही कर, ऑफिसातून मागितलीय.” वाचून करते म्हटल्यावर, “त्यात वाचण्यासारखं काय आहे?” असे उत्तर आले. महोदय, ज्यात वाचण्यासारखे काही नसते तो कागद कुणी घडी न पाडता प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणत नाही. माझे पती गाड्या दुरुस्त करतात. आमच्या घरातल्या एकूण एक कागदावर, अगदी लग्नाच्या दाखल्यावरसुद्धा, त्यांच्या काळ्या बोटांचे ठसे आहेत. या कागदावर एकही नव्हता. ते हात धुऊन आले होते. मला पहिला संशय तिथे आला.

३. संशय घेणे हा माझा स्वभावच आहे असे घरची मंडळी सांगतील. ते नाकारण्यात अर्थ नाही. मी एका मोठ्या दुकानात परत आलेल्या मालाच्या काउंटरवर काम करते. लोक मिक्सर, इस्त्र्या, पंखे घेऊन येतात आणि “घरी नेलं तेव्हापासूनच असं आहे” म्हणतात. ज्याची वस्तू खरोखर बिघडलेली निघाली तो बोलताना अडखळतो. नवरा एक सांगतो, बायको दुसरे, आणि शेवटी दोघे काउंटरवरच भांडतात. ज्यांनी इस्त्री स्वतः पाडलेली असते ते मात्र घरूनच ठरवून येतात आणि सगळे मिळून एकच वाक्य बोलतात. आमच्या घरात पंखा कितीवर ठेवायचा यावर चौघांची चार मते असतात. त्या दिवसाबद्दल मात्र माझे पती, सासरे आणि सासूबाई हे तिघे आधी ‘गाडी वेळेवर आली नाही’ हे एक वाक्य बोलत होते, आणि मसुदा आल्यापासून तिघेही ‘कुणाचाच दोष नाही’ हे दुसरे वाक्य बोलू लागले आहेत.

४. आता त्या दिवसाची हकीकत. ही मी कुणाकडून ऐकलेली नाही.

आम्ही गॅरेजच्या वर राहतो. खाली सासऱ्यांचे आणि पतीचे काम, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मला सातवा महिना संपत आला होता. दुपारची जेवणे उरकून मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. पोटात एकाएकी असे आवळून आले की तोंडातून शब्द फुटेना, आणि पाहते तो चादर रक्ताने भिजलेली. सासूबाई धावत आल्या, त्यांनी खाली हाक मारली. पती वर आले, मला पाहून पांढरेफटक पडले आणि “घाबरू नकोस, आत्ता गाडी काढतो” म्हणून आल्या पावली खाली गेले.

गॅरेजात त्या दिवशी चार गाड्या होत्या. एकीचे इंजिन उतरवून ठेवलेले, दुसरीची किल्ली गिऱ्हाइकाकडे, तिसरीला रंग द्यायचा म्हणून काचांवर कागद चिकटवलेले, आणि चौथी आमची स्वतःची, ती जॅकवर. ब्रेक उघडलेले आणि मागचे एक चाक काढलेले. लोकांच्या गाड्या वेळेवर देण्याच्या नादात आमची गाडी बाराही महिने जॅकवरच असते.

५. रुग्णवाहिका मी बोलावली. सासूबाई कपडे काढायला कपाटाकडे वळल्या तेव्हा फोन माझ्या उशाशी होता. पलीकडच्या माणसाने काय झाले म्हणून विचारले आणि इथे मला माझ्या कामाची सवय नडली. काउंटरवरून मी दिवसभर कंपन्यांना फोन करते, “एक ग्राहक आहेत, त्यांच्या मिक्सरमधून धूर येतोय,” असे. त्याच सुरात मी बोलून गेले, “एक पेशंट आहे, सातवा महिना आहे, खूप रक्त जातंय, पत्ता लिहून घ्या.” त्याने विचारले, “पेशंट शुद्धीवर आहे का?” मी म्हणाले, “आहे.” “मग पेशंटजवळच थांबा, गाडी निघाली,” असे त्याने सांगितले आणि मी थांबले. त्यामुळे फोन करणारी ‘नातेवाईक महिला’ अशी आपल्या नियंत्रण कक्षाची समजूत झाली आहे. तो आवाज कृपया पुन्हा ऐकावा आणि माझाही ऐकावा. स्वतः गाडी बोलावणारी बाई गाडी दारात आल्यावर नको म्हणते, ही गोष्ट मला काउंटरवर कुणी सांगितली असती तर मी तिला तिथूनच परत पाठवले असते.

६. गाडी आली, आणि लवकर आली. हे ठासून सांगणे भाग आहे, कारण ती वेळेवर आली नाही असे माझ्या पतीच्या तक्रारीत लिहिले आहे. ते खोटे आहे. मी सायरन ऐकला, जिन्यावरची पावले ऐकली. बाहेरच्या खोलीत एका बाईचा आवाज आला, “पेशंट कुठाय?” पती तिच्या मागोमाग धावत वर आले होते. चाकाचा पाना त्यांच्या हातात तसाच होता, त्याचे टोक मला मधल्या पडद्याखालून दिसत होते. ते म्हणाले, “तुम्हाला कोणी बोलावलं? आमचं स्वतःचं गॅरेज आहे, गाडी तयार होतेय, लगेच निघतोय आम्ही.” हे ते उर्मटपणे बोलले नाहीत. दारात चार गाड्या असताना आपल्या बायकोला दुसऱ्याच्या गाडीतून न्यावे लागेल हे त्यांच्या डोक्यातच शिरले नाही, इतकेच. बाई म्हणाल्या, “नक्की ना? मग नकार आहे असं कळवते हं.” पती म्हणाले, “कळवा.”

त्यांच्या आणि माझ्यामध्ये एक पडदा होता. मी “मला न्या” असे ओरडले. त्याच वेळी खाली सासऱ्यांनी चाकात हवा भरायला कंप्रेसर लावला. आमच्याकडे कंप्रेसर लागला की फळीवरची भांडी वाजतात आणि सगळे बोलणे थांबवून वाट पाहतात. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी तेवढे ऐकले. त्या अर्ध्या उठल्या, मग मुलाचा आवाज कानावर पडताच पुन्हा बसल्या आणि माझा हात दाबून म्हणाल्या, “तो बघतोय ना, तू गप पड.” माझा आवाज बाहेर पोचला की नाही, हे मला माहीत नाही. नसेल पोचला, हे मी मान्य करते. पण त्या बाईंनी हात पुढे केला असता तरी पडदा हाताला लागला असता, आणि त्यांनी तो केला नाही. त्या जिना उतरून गेल्या. सायरन न वाजवता गाडी गेली तेही मी ऐकले.

७. यापुढचा भाग लिहिणे मला जड जात आहे. माझे सासरे शिस्तीचे कारागीर आहेत. ट्रायल मारल्याशिवाय त्यांच्या गॅरेजातून एकही गाडी बाहेर पडत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कितीही मोठे असो. आसपासचे लोक त्यांना पाठीमागे ‘ट्रायलशेठ’ म्हणतात. ब्रेकचे काम केलेली गाडी तपासल्याशिवाय दुसऱ्याच्या ताब्यात देणे म्हणजे त्यांच्या लेखी माणूस मारणे.

चाक बसले. पती आणि सासूबाई मला दोन्ही बाजूंनी धरून खाली घेऊन येत असताना गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आम्हाला वाटले, दारासमोर आणून लावत आहेत. खाली येऊन पाहतो तर गाडी नाही. सासरे ट्रायल मारायला गेले होते. चौकापर्यंत जाऊन, दोनदा कचकचीत ब्रेक मारून परत यायचे, एवढाच त्यांचा बेत होता, पण परतीच्या रस्त्यावर एक मालट्रक आडवा लागला होता. मी गॅरेजात एकावर एक रचलेल्या जुन्या टायरांवर बसून राहिले. सासूबाई माझी पाठ चोळत होत्या. पती रस्त्यावर धावत जात होते आणि पुन्हा धावत येत होते. त्यांच्या हातात अजून पाना होता.

सासऱ्यांना नंतर कुणी तरी विचारले तेव्हा ते म्हणाले, “सून आणि नातवंड बसणार होतं त्यात. ब्रेक लागला नसता तर?” हे त्यांनी माझ्या काळजीपोटी केले. माझा ज्यावर काडीचाही संशय नाही अशी या प्रकरणात ही एकच गोष्ट आहे, आणि मला तीच सहन होत नाही.

८. मुलगी होती. ती रडली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वार गर्भाशयापासून आधीच सुटली होती. थोडं आधी आणलं असतं तर...” आणि पुढचे त्यांनी सोडून दिले. त्या सोडलेल्या जागेत माझे पती घाईघाईने म्हणाले, “अँब्युलन्स वेळेवर आली नाही हो.” मी तिथेच पडले होते, मी ऐकले. तेव्हा माझ्यात उठून बसायचेही त्राण नव्हते. तक्रार झाली, जबाब झाले, हे सर्व मी पडून असतानाच झाले. मला त्यानंतर कित्येक दिवस दूध येत राहिले. ते कशासाठी येते आहे हे माझ्या शरीराला कुणी सांगितले नव्हते. मी त्या मुलीचा चेहरा नीट पाहिला नाही, याचा मला फार संताप येतो. हा संताप कुठल्या शाखेकडे नोंदवायचा हे मला माहीत नसल्याने तो इथे लिहिला आहे.

९. पॅरामेडिक बाईंच्या खुलाशात असे आहे की आतल्या खोलीचे दार बंद होते आणि बंद दाराआडून रुग्णाने स्वतः नकार दिला. महोदय, ते दार मी लग्न होऊन आले तेव्हापासून कधी लागलेच नाही. चौकट फुगलेली आहे. चेपलेल्या गाड्यांची दारे चुटकीसरशी बसवणारे दोन पुरुष घरात असून स्वतःच्या घरचे दार कुणी बसवले नाही, म्हणून तर पडदा लावला होता. मी आपल्याकडे स्थळपाहणी मागणार होते. तर खुलासा आला त्याच आठवड्यात मी कामावरून घरी येते तो दार तासलेले, नवी कडी बसवलेली, आणि पडदा धुऊन घडी घालून कपाटात.

मी सासूबाईंना छेडले. त्या म्हणाल्या, “कंप्रेसर लागला की तू झोपेतून दचकून उठतेस, म्हणून तुझ्या सासऱ्यांनीच केलं. कुणाला हात लावू दिला नाही. रंधा मारताना डोळे पुसत होते.” मी ते पाहिले नाही. पण सासूबाई हे सांगताना अडखळल्या, त्यामुळे ते खरे असावे. तरीही अडचण उरतेच. आपण पाहणीला याल तेव्हा दार व्यवस्थित लागेल, आणि लागणारे दार पाहून आपण खुलासा खरा धराल. माझ्या काळजीने केलेली गोष्ट माझ्याच मुळावर यावी, असे या प्रकरणात दुसऱ्यांदा घडत आहे. दाराची खालची कड ताजी तासलेली असून तिला अजून रंग लावलेला नाही. ती कृपया वाकून पाहावी.

१०. पॅरामेडिक बाई स्वतः मला येऊन भेटल्या, हेही लपवत नाही. त्या माझ्या काउंटरवर आल्या तेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हते. आमच्याकडे रिकाम्या हाताने कुणी येत नाही, त्यामुळे मी सावध झाले. त्यांनी तोंड उघडताच मी आवाज ओळखला. त्या म्हणाल्या, “ताई, मी आत यायला हवं होतं.”  मग त्या म्हणाल्या, “एका घरी अशीच आत शिरले होते, तर पेशंटच्या दिरानं माझा हात पिरगळला, गाडीची काच फोडली. तेव्हापासून दारात जो उभा असतो त्याच्याशीच बोलून घेते. तुमच्या मिस्टरांच्या हातात पाना होता हो.” हे ऐकून मला त्यांची बाजू कळली. कळल्यामुळे राग कमी होईल असे वाटले होते, तसे झाले नाही.

त्यानंतर त्यांनी ज्यासाठी आल्या होत्या ते काढले. “तुम्ही नको म्हणालात, एवढं सांगाल का? लायसन्स गेलं तर परत मिळत नाही. घरी मी एकटीच कमावते.” मी त्यांना एकच विचारले, माझा आवाज ऐकला होता का? त्या काउंटरवरच्या पावतीच्या मशीनकडे पाहत म्हणाल्या, “खाली काहीतरी मशीन चालू होतं ना.” मी विचारले त्याचे ते उत्तर नव्हते. इतक्यात मागे एक गृहस्थ पंखा घेऊन उभे राहिले आणि बाई निघून गेल्या.

११. आता समजोता कसा झाला असावा, याबद्दलचा माझा संशय. पुरावा नाही, हे आधीच सांगते.

मी कामावर जायला लागल्यावर एका सकाळी जिना उतरले तो गॅरेजात तीच रुग्णवाहिका उभी, तक्रारीत लिहिलेल्या नंबरची. क्षणभर मला वाटले, ही मला न्यायला आली आहे. तिच्या ब्रेकचे काम चालले होते. तिचा ड्रायव्हर आणि माझे सासरे शेजारी शेजारी डब्यांवर बसून चहा पीत होते. ड्रायव्हर म्हणत होता, “शेठ, असं काम सरकारी वर्कशॉपात सात जन्मात होणार नाही.” चहा संपल्यावर सासरे तिची ट्रायल मारून आले. ज्या गाडीत मला बसवायची गरज नव्हती ती गाडी त्यांनी चौकापर्यंत चालवत नेली, दोनदा ब्रेक मारले आणि “आता बिनधास्त न्या” म्हणून परत दिली. तेव्हापासून आपल्या सेवेतल्या इतर गाड्याही आमच्याकडे येऊ लागल्या आहेत. पतीला विचारले तर ते म्हणतात, “ब्रेक खराब होते म्हणून आली. तू कशाचा संबंध कशाला जोडतेस?” असेलही तसे. मात्र त्यानंतर थोड्याच दिवसांत मसुदा तयार झाला. घरच्यांना बाईंचा दोष दिसेनासा झाला, बाईंना घरच्यांचा दिसेनासा झाला. उरलेला दोष कुठे तरी ठेवायला हवा होता, तो माझ्या नावावर ठेवला आहे.

१२. आपल्या लिपिकाने माझ्या पतीला “वहिनींची तेवढी सही आणा, म्हणजे विषय संपला” असे सांगितल्याचे कळते. मी त्यांची वहिनी नाही. मी त्यांना पाहिलेलेही नाही, आणि त्यांना विषय संपवायची एवढी घाई का, हे मला समजलेले नाही. क्षमा असावी, पण आपणही या समजोत्यात आहात का, असे मला वाटून गेले. असाल तर हा अर्ज आपल्याच हातात देणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पण दुसऱ्या कोणत्या दारात जावे हे मला ठाऊक नाही. म्हणून मी याची पोच मागणार आहे आणि पोच देणाऱ्याचा चेहरा नीट पाहून ठेवणार आहे.

१३. दायित्वाबाबत. आपल्या जिन्यात सेवेच्या नियमांचा एक फलक आहे. अर्ध्या फलकापुढे कपाट ठेवल्यामुळे मला भिंतीला गाल लावून तो वाचावा लागला. त्यावर लिहिले आहे की, रुग्ण शुद्धीवर असल्यास संमती किंवा नकार रुग्णाकडूनच घ्यावा. मी शुद्धीवर होते. तसे मी फोनवर सांगितलेही होते. पॅरामेडिक बाईंनी मला विचारले नाही, हा त्यांचा दोष आहे आणि तेवढाच आहे. त्या उशिरा आल्या नाहीत. माझ्या पतीने माझ्या वतीने उत्तर दिले, हा त्यांचा दोष. सासूबाई बसून राहिल्या. सासरे ट्रायलला गेले. ज्याने जे केले ते त्याच्या नावासमोर लिहावे, एवढेच माझे म्हणणे आहे. नुसते ‘उशीर झाला’ असे लिहिले की तो पावसासारखा आपोआप झाल्यासारखा वाटतो.

बाईंना कामावरून काढावे अशी माझी मागणी नाही. ठेवावे अशीही नाही. ते ठरवण्यासाठी आपण खुर्चीवर आहात. पण त्यांना वाचवायचे असेल तर खरे सांगून वाचवावे.

१४. सासूबाई मला रोज समजावतात, “एका सहीनं सगळे सुटतात गं, तू का अडून बसलीस?” त्यांचे चूक नाही. बाईंची नोकरी राहील, पतीची खोटी तक्रार आपोआप मिटेल, सासऱ्यांना कुणी काही विचारणार नाही. पण ती सही केली तर दारात आलेली मदत जिने परत पाठवली ती बाई मी ठरेन. आज तसे फक्त कागद म्हणतो. उद्या नातेवाईक म्हणतील, मग घरचे म्हणतील, आणि त्यांना ते खरेच वाटू लागेल. कंप्रेसर लागला की आताच मला कधी कधी वाटते, मी नक्की ओरडले होते ना? आणखी काही वर्षांनी मीसुद्धा त्या कागदावर विश्वास ठेवेन, याची मला भीती वाटते. माझा सगळ्यांत जास्त संशय त्या पुढच्या माझ्यावर आहे. म्हणून आजच लिहून देत आहे.

१५. तरी विनंती की,

उद्याच्या सुनावणीत माझा जबाब घरचे कुणी हजर नसताना घ्यावा. यापुढची पत्रे घरी न पाठवता दुकानात, परत आलेल्या मालाच्या काउंटरवर माझ्या हातात द्यावीत. नियंत्रण कक्षातला फोन सर्वांसमोर ऐकवावा. स्थळपाहणी करायची झाल्यास दार उघडे ठेवून, पडदा लावून आणि खाली कंप्रेसर चालू करून करावी. आपण बाहेरच्या खोलीत उभे राहावे. मी आतून पुन्हा ओरडायला तयार आहे. आपल्याला ऐकू आले नाही तर पॅरामेडिक बाईंचे तेवढे म्हणणे मी मान्य करीन.

आणि जबाबाच्या सुरुवातीला मला तो प्रश्न विचारावा, जो त्या दिवशी फोनवर, जिन्यात, बाहेरच्या खोलीत किंवा माझ्या उशाशी कुणीही मला विचारला नाही : “बाई, तुम्हाला यायचं आहे का?”

माझे उत्तर ‘हो’ असे आहे. मसुद्यात जिथे माझा नकार लिहिला आहे, तो खोडून त्या जागी हे लिहून घ्यावे.

मसुद्यावर सही न करणारी आणि उत्तर द्यायला उद्या हजर राहणारी,

(सही)
अर्जदार, प्रकरणातील रुग्ण

दिनांक : सुनावणीच्या आदल्या दिवशी

सोबत : समजोत्याचा मूळ मसुदा, सहीची जागा कोरी.